सवनाला एक नंबर

१९७१ साल, जानेवारीचा महिना. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि देवासला एका बंदुकीच्या दुकानात कारागीर होतो. बंदुकीचे लाकडी दस्ते बसवणं, घोडे दुरुस्त करणं, नळ्या साफ करणं, आणि गिऱ्हाईक आलं की कुठल्या शिकारीला कुठलं काडतूस ते काढून देणं, हे माझं काम. दुकान शेठचं, डोकं माझं. हे शेठसुद्धा चारचौघांत बोलून दाखवायचा. वेळ आल्यावर मात्र विसरला, ते पुढं येईलच.

शिक्षण माझं तिसरी. धारच्या मराठी शाळेत तीन वर्षं बसलो, आणि चौथ्या वर्षी वडिलांनी हाताला धरून शिकारखान्यात नेलं. वडील दरबारच्या शिकारखान्यात काडतुसं भरायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. पळीनं दारू मापायची, वर गत्त्याची म्हणजे पुठ्ठ्याची चकती, मग नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीची गादी, मग छर्रे, पुन्हा चकती, आणि कड वळवून बंद. दिवसाला दोनशे भरली तरी एकाचं वजन दुसऱ्यापेक्षा वेगळं येत नसे. राज्य विलीन झालं, शिकारखाना उठला, वडील घरी बसले, पण विद्या कुठं उठून जाते? ती माझ्याकडे आली. म्हणून कोणी मला "तुमचं शिक्षण किती हो?" असं विचारलं की मला राग येतो. कशाचं शिक्षण, ते आधी सांगा.

छर्र्यांचं गणित उलटं असतं, एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. नंबर मोठा, तर दाणा बारीक. आठ नंबर म्हणजे मोहरी; ती लाव्याला. सहा नंबर म्हणजे बाजरी, ती तितराला. चार नंबर मुगाएवढा, तो बदकाला. एक नंबर म्हणजे ज्वारीचा टपोरा दाणा, आणि तो सवनाला. सवन म्हणजे ते जंगली हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, थंडीत माळव्याच्या तलावांवर उतरतात आणि रात्रीतून शेतकऱ्याचा हरभरा साफ करतात. पक्षी जड, पिसं दाट. सहा नंबर मारला तर दाणे पिसांतच अडकून राहतात, आणि पक्षी उडून जाऊन चार दिवसांनी कुठंतरी बांधावर मरतो. हे पाप. एक नंबरच्या काडतुसात शंभराच्या आसपास दाणे असतात. पस्तीस पावलांवर त्यांचं असं जाळं पसरतं की सवनाच्या अंगात चार-पाच दाणे जाणारच, आणि तो जागेवर पडणार. चाळीस पावलांच्या पुढं बार टाकायचाच नाही. थवा कितीही मोठा असो, हात आवरायचा.

आणि एक असतं एस. जी. त्यात दाणे नऊच. प्रत्येक दाणा काबुली चण्याएवढा. ते जनावराचं काडतूस, रानडुकराचं. पक्ष्याला ते मारणं म्हणजे चिमणीला धोंडा मारणं. लागला तर चिंधड्या, आणि लागत तर नाहीच. नऊ दाण्यांचं कुठलं आलंय जाळं? वर तो चणा दीड-दोनशे पावलं जातो आणि तिथंही काम करतो. पलीकडे कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही.

त्या काळी परवाना घेऊन पक्षी मारता यायचे. पुढं कायदा आला, एकेक करून सगळं बंद झालं, आणि झालं ते बरंच झालं असं मी म्हणतो. पण तो कायदा आमच्यासारख्यांमुळं आणावा लागला नाही. तो ज्यांच्यामुळं आणावा लागला, त्यांतल्याच एकाची ही हकिकत.

देवासला तेव्हा कारखाने येऊ लागले होते, आणि त्यांच्यामागून महाराष्ट्रातली मंडळी. त्यांतला एक इंजिनियर साहेब, पुण्याकडचा, वय तिशीच्या आतबाहेर. सासऱ्याकडून त्याला दुनळी मिळाली होती, आणि परवानाही त्यानं इकडं करून घेतला होता. शनिवारी सकाळी दुकानात आला. बंदूक माझ्या हातात दिली. बंदूक सुरेख. डाव्या नळीचं तोंड आवळलेलं, उजवीचं जरा मोकळं. मी ती नळी उजेडाकडे धरून पाहत होतो, तेवढ्यात तो म्हणाला,

"मिस्त्री, उद्या टोंकखुर्दकडे जातोय. हंस मारायचेत. काडतुसं द्या चांगली."

मी म्हटलं, "अंतर किती धराल?"

"जे मिळेल ते."

"जे मिळेल ते नव्हे. पस्तीस पावलं. पहाटे जाऊन बांधाआड बसावं लागेल. ते हरभऱ्यातून तलावाकडे परततात, तेव्हा डोक्यावरून जातात. एरवी जवळ येऊ देणार नाहीत."

तो हसला. "तुमची मराठी ऐकत राहावीशी वाटते हो. माझ्या पणजोबांची पत्रं अशी आहेत."

मी ते मनावर घेतलं नाही असं सांगेन, पण ते खरं नाही. आमच्या घरात 'आम्हांस' आणि 'जेवावयास' असंच बोलतात, दीडदोनशे वर्षं बोलतात, आणि त्याचबरोबर बाजारात हिंदी, गावात माळवी बोलतात. ज्याला एकच भाषा येते त्यानं तीन येणाऱ्याला हसावं, ही पुण्याची रीत असेल.

मी फळीवरून खोका काढला. म्हटलं, "सवनाला एक नंबर. दुसरं काही घेऊ नका." शेठ गल्ल्यावर बसला होता. त्यानं ऐकलं. साहेबाचा ड्रायव्हर दारात उभा होता, त्यानंही ऐकलं. "एक नंबर" हे शब्द मी उच्चारले, याला तीन साक्षीदार. मी कधी नाकारलं नाही आणि नाकारणारही नाही.

साहेब म्हणाला, बंदुकीचा घोडा जरा जड आहे तो बघा, मी दुपारी येऊन सगळं एकदम नेतो. मी घोडा साफ करून दिला, खोका आणि बंदूक शेठपुढं ठेवली, आणि बाराला घरी जेवावयास गेलो.

मागं काय घडलं ते मला नंतर ड्रायव्हरनं सांगितलं. तो माळव्याचाच, अमझेऱ्याकडचा, खोटं बोलणारा नव्हता. साहेब आला. खोका उघडून एक काडतूस काढलं. वरच्या चकतीवर '१' छापलेलं. त्यानं ते कानाशी हलवून पाहिलं, नारळ हलवतात तसं. मग शेठला म्हणाला, "एकच नंबर? इतका मोठा पक्षी, त्याला सगळ्यात लहान कशाला? मोठं दाखवा." म्हणजे एक हा आकडा लहान, म्हणून दाणा लहान. इंजिनियर माणूस. आणि आमचा शेठ, ज्यानं जन्मात बंदूक खांद्याला लावली नाही, त्यानं फळीवरून एस. जी.चा खोका उतरवला आणि म्हणाला, "ये लो साब. इससे बड़ा कुछ नहीं. एकदम एक नंबर चीज है."

आता बघा. मी म्हटलं 'एक नंबर', ते छर्र्याचं नाव. शेठ म्हणाला 'एक नंबर', ती बाजारातली बढाई, जशी बटाटे विकणारा म्हणतो, साडी विकणारा म्हणतो. दोघांचा शब्द एक. साहेबानं खोका घेतला आणि समाधानानं गेला, की मिस्त्रीचं 'एक नंबर' म्हणजेही उत्तम मालच असणार, चकतीवरचा आकडा नव्हे; जुळलं.

रविवारी काय झालं ते सांगायला मला तिथं असायची गरज नव्हती. पहाटे उठणं यांना जमलं नाही. आठ वाजता जीप घेऊन तलावावर गेले, साहेब आणि दोन मित्र. सवन पाण्याच्या कडेला बसलेले. जीपचा आवाज आला तसा थवा उठला, आणि यांनी सत्तर पावलांवरून सगळे बार टाकले. पडला एकही नाही. तलाव आटत आला होता, पलीकडचा काठ जवळ आलेला. तिथं एका म्हाताऱ्याची म्हैस गुडघाभर पाण्यात उभी होती. एक चणा तिच्या मागच्या मांडीत शिरला. म्हैस ओरडली, म्हातारा ओरडला, माणसं गोळा झाली, आणि जीपची किल्ली गावच्या पटेलानं काढून घेतली.

गावानं काय मागितलं, ते नीट ऐका. नुकसान भरून मागितलं नाही. म्हैस मरत नव्हती, लंगडत होती. त्यांनी मागितलं ते त्यांच्या रीतीप्रमाणं. ज्याची चूक, त्यानं मंगळवारी चौपालावर पंचांसमोर यायचं, आणि डोक्यावरची पगडी किंवा टोपी उतरवून म्हशीच्या धन्याच्या पायाशी ठेवायची. म्हणजे प्रकरण संपलं. नाहीतर ठाण्यात. साहेबानं किल्ली मिळावी म्हणून तिथं सांगितलं, "आम्हाला दुकानदाराच्या माणसानं चुकीची काडतुसं दिली. तोच येईल."

मी. मी येणार होतो. मला ठाऊकही नाही, आणि माझी टोपी कबूल करून साहेब घरी जाऊन झोपला.

सोमवारी संध्याकाळी दिवे लागता लागता तो दुकानात आला. या वेळी बसला, शेठनं चहा मागवला, मलाही दिला. चहा माझ्या हातात आला तेव्हाच समजलो की काहीतरी आहे. शेठ मला साडेचारचा चहा देतो, साडेसहाचा नाही.

साहेबानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "चूक कोणाकडूनही होते मिस्त्री. माणूस आहे."

मी म्हटलं, "कोण माणूस?"

"म्हणजे तुम्ही. तुम्हीच म्हणालात एक नंबर."

"एक नंबर म्हणालो. एक नंबरच दिलं. तुम्ही काय नेलंत?"

"एक नंबरच."

"रिकामं काडतूस आहे का खिशात?"

होतं. साहेबाला पितळेच्या टोपणाचं कौतुक, दोन जपून ठेवली होती. मी हातात घेतलं. कागदी नळीवर दोन इंग्रजी अक्षरं स्पष्ट. इंग्रजी मला येत नाही, पण ही दोन अक्षरं वडिलांनी कागदावर काढून शिकवलेली. मी ते शेठच्या नाकासमोर धरलं.

"शेठ, ये कौन दियो?"

शेठनं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग मला बाजूला, दस्ते ठेवायच्या कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाला, "अरे भिया, कईं बिगड़े थारो? टोपी ही तो उतारनी है. घरे आईने पाछी पेरी लीजे."

घरी येऊन परत घालायची. त्याच्या लेखी टोपी म्हणजे एवढंच.

मी म्हटलं, "तो शेठ, तुम उतारो."

"म्हारी दुकान को सवाल हे. कारखाना वाला सब याँज आवे." कारखान्याचं सगळं गिऱ्हाईक इथंच येतं, म्हणून.

परत आलो तर साहेबानं कागद बाहेर काढला होता. चार ओळी, मराठीत, अक्षर मोत्यासारखं. गावात तो हिंदीतून वाचून दाखवणार होता, मी फक्त खाली सही करायची आणि उद्या बरोबर यायचं. म्हणाला, "वाचून दाखवू का?"

मी म्हटलं, "तिसरी झालीय माझी."

सावकाश वाचलं. बोट ठेवून वाचलं, लाज कसली त्यात. लिहिलं होतं, 'हंसांच्या शिकारीसाठी एक नंबर म्हणून ही काडतुसे मी स्वतः दिली.' दोनदा वाचलं. किती हुशारीनं लिहिलं होतं बघा. हंसांच्या शिकारीसाठी, हो. एक नंबर, हो. काडतुसे, हो. मी दिली, हो. एकेक शब्द उचलून विचारलं तर मी हो म्हणणार. खोटं एकाच ठिकाणी होतं, त्या 'ही' मध्ये.

मी बोट तिथं ठेवलं. "साहेब, हा एक शब्द काढा. मग सही करतो."

त्यानं पाहिलं. त्याला कळलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. तेवढं तरी शिक्षण त्याचं कामी आलं.

"तो काढला तर कागदाला अर्थच राहत नाही," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

"मिस्त्री, उगाच ताणू नका. मी येऊन टोपी काढली असती, पण मी टोपीच घालत नाही. तुमच्याकडे आहे." आणि हसला. विनोद केला त्यानं.

शेठही हसला. बारा वर्षं मी त्या दुकानात काढली होती. मी माझी काळी टोपी सरळ केली, हत्यारं पेटीत ठेवली, कुलूप लावलं. शेठ म्हणाला, "सही नहीं करेगो तो काल मत आजे." त्याच्या बोलीत उद्यालाही कालच म्हणतात. मी म्हटलं, "काल तो आज सोमवार है. परसों देखेंगे." शेठला काही कळलं नाही. मलाही काय म्हणायचं होतं ते नीट आठवत नाही, पण गप्प निघायचं नव्हतं.

इथं मी एक कबूल करतो, कारण लिहायला बसलोय तर अर्धं लिहिण्यात अर्थ नाही. मी 'छर्रा एक नंबर' असं म्हणायला हवं होतं. वडील तसंच म्हणायचे, पूर्ण. पण वडिलांच्या वेळी शिकारखान्यात सगळेच जाणते होते, तरी ते पूर्ण म्हणायचे, आणि मी बाजारात बसून अर्धं म्हणत होतो. एवढी माझी चूक. बोटभर. त्यासाठी टोपी नाही उतरत.

घरी सांगितलं. आमची मंडळी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "नका करू सही. पण नोकरी गेली तर दिवसभर घरात बसून मला काडतुसं शिकवू नका. ते होणार नाही."

मी म्हटलं, "उद्या सकाळी भाकरी लवकर बांधून दे."

"कुठं निघालात? ते तर दुपारी जाणार ना?"

"म्हणूनच."

कारण मला एक गोष्ट सुचली होती, जी त्या कागद लिहिणाऱ्याला सुचली नव्हती. म्हशीच्या मांडीत जे आहे ते अजून मांडीतच आहे. त्याला मराठी येत नाही की हिंदी, आणि सही तर येतच नाही.

मंगळवारी सकाळी पहिल्या बसनं टोंकखुर्दला उतरलो. पुढं कोसभर पायी. खिशात घरचं एक काडतूस, एक नंबर, आणि पट्टे कापायची माझी छोटी सुरी, चुलीवर तापवून स्वच्छ फडक्यात बांधलेली. म्हातारा गोठ्यातच सापडला. सत्तरीचा असेल, अंगावर घोंगडी. मी सांगितलं, दुकानातला माणूस तो मीच.

त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पंच तो दोफेर में बैठेगा," म्हणाला. "टोपी अबार उतारेगो कईं?" आत्ताच उतरवणार का, असं.

"टोपी नी उतारूँ, दादा. पेलाँ थारी भैंस देखूँ."

म्हैस पाहिली. जखमेवर राख लावली होती. मांडीवर हात फिरवला तर जखमेपासून चार बोटं खाली कातडीखाली गाठ लागली, बोटाखाली सरकत होती. मी म्हटलं, काढू का. म्हाताऱ्यानं म्हशीचं डोकं आपल्या काखेत धरलं आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला. मी गाठ दोन बोटांत पकडली, कातडी ताणली, एक चीर दिली. म्हशीनं मला एक लाथ मारली, ती नडगीवर बसली, आणि ती तिचा हक्क होता. गोळा बाहेर आला. मी तो पाण्यात धुतला, म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला.

मग खिशातलं काडतूस काढलं, सुरीनं त्याची कड उलगडली, आणि छर्रे त्याच्या दुसऱ्या तळहातावर ओतले. म्हटलं, "मी हे दिलं होतं."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात उजेडात नेले. शेतकऱ्याला दाणा दाखवल्यावर आणखी काय सांगायचं असतं? अंगठ्यानं त्यानं ते छर्रे हलवले, बियाणं पारखतात तसे.

"या तो जुवार हे," तो म्हणाला. मग दुसऱ्या हाताकडे बघून, "ने यो चणो." चणा मुठीत मिटून म्हणाला, "तो जिनने चणो फेंक्यो, वो आवे."

मी घरातून हळद आणि तेल मागून घेतलं, नवी चीर आणि जुनी जखम दोन्ही भरल्या, हात धुतले. गोळा त्याच्याकडेच राहू दिला, पंचांना दाखवावयास. भाकरी त्याच्या ओसरीवर बसून खाल्ली, त्यानं वर ताक दिलं. आणि परतीची बस धरून, अकराच्या आत, सही न करता आणि टोपी डोक्यावर ठेवूनच, मी दुकानात जाऊन माझ्या जागेवर बसलो.